सोडतीने निवडलेल्या नागरिकांवर सार्वजनिक निर्णय सोपवावेत का?

जिज्ञासू यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मोठ्या सार्वजनिक निर्णयांमध्ये सामान्य नागरिकांचा सहभाग मतदानापुरता न राहता त्यांना प्रत्यक्ष विचारविनिमयात स्थान मिळावे, अशी मागणी करणारे एक निवेदन आमचा अभ्यासगट तयार करीत आहे. त्या निमित्ताने आम्ही विमर्शात्मक लोकशाही या संकल्पनेविषयी वाचू लागलो. तिचा गाभा मला समजला तो असा: समाजाच्या सर्व थरांचे प्रतिबिंब पडेल अशा रीतीने काही नागरिक सोडतीने निवडायचे, एखादा नेमका प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचा, त्याच्या सर्व बाजू मांडणारी माहिती व तज्ज्ञ उपलब्ध करून द्यायचे, आपसांत चर्चा करण्यासाठी पुरेसा वेळ द्यायचा आणि अखेरीस त्यांच्याकडून सकारण शिफारशी घ्यायच्या. जनमत चाचणी लोकांचे आज असलेले मत मोजते. विचार करण्याची खरी संधी मिळाल्यावर तेच मत काय होईल, हे येथे पाहिले जाते.

ही कल्पना मला मनापासून पटते, आणि म्हणूनच निवेदन कच्चे राहू नये असे वाटते. गटातील सहकाऱ्यांच्या काही शंकांना माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. जनसुनावण्या घेणे, हरकती व सूचना मागवणे हे मार्ग आधीच आहेत. मग या नव्या रचनेने नेमके काय साधते, असे एकाने विचारले. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मतदानाने निवडून आलेले प्रतिनिधी लोकांना उत्तरदायी असतात, कारण पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी पाठवता येते. मग केवळ चिठ्ठीत नाव निघाले म्हणून सभेत बसलेल्या शंभर माणसांनी इतरांच्या वतीने बोलावे, याला आधार कोणता? शिवाय ऊर्जाधोरण, निवडणूकपद्धती किंवा राज्यघटनेतील दुरुस्ती असे विषय काही दिवसांच्या बैठकांत सामान्य माणसाला पेलतील का, की ज्यांनी माहिती पुरवली त्यांचेच मत शेवटी नागरिकांच्या तोंडून बाहेर पडेल, हाही प्रश्न पुढे आला.

ज्यांनी या प्रयोगांचा अभ्यास केला आहे त्यांनी आपले मत लिहावे, आणि जेथे अपयश आले तेथील हकीकतही सांगावी, अशी विनंती आहे.

वाटसरू यांचा प्रतिसाद

जिज्ञासू, जनसुनावणीपासून सुरुवात करतो, कारण फरक तेथेच स्पष्ट होतो. जनसुनावणीला ज्यांना यावेसे वाटते ते येतात. ज्यांचा प्रत्यक्ष हितसंबंध गुंतलेला आहे, ज्यांचे मत आधीच पक्के आहे, ज्यांना कामाच्या दिवशी वेळ काढता येतो आणि ज्यांना चारचौघांत बोलण्याची सवय आहे, अशांचीच संख्या तेथे जास्त असते. प्रत्येक जण काही मिनिटे समोरच्या अधिकाऱ्यांना उद्देशून बोलतो आणि खाली बसतो. शेजारी बसलेल्याचे म्हणणे ऐकून आपल्या म्हणण्यात बदल करावा, अशी वेळच त्या रचनेत येत नाही. अशा सुनावणीतून हरकतींची यादी मिळते आणि तिचेही महत्त्व आहे, परंतु परस्परविरोधी गरजांपैकी कशाला किती वजन द्यावे, याविषयी समाजाचा विचारपूर्वक कौल तीतून मिळत नाही.

नागरिक सभेत, म्हणजे तुम्ही वर्णन केलेल्या सोडतीने निवडलेल्या गटात, निमंत्रण उलट दिशेने जाते. ब्रिटनच्या संसदेतील समित्यांनी २०२० साली हवामानविषयक नागरिक सभा भरवली, तेव्हा सोडतीने निवडलेल्या ३०,००० घरांना पत्रे पाठवण्यात आली होती. त्यांतून १,७४८ जणांनी तयारी दर्शवली. या इच्छुकांतून वय, लिंग, शिक्षण, वंश, प्रदेश, शहरी किंवा ग्रामीण वास्तव्य आणि हवामानबदलाविषयी वाटणारी चिंता अशा निकषांवर देशाच्या लोकसंख्येशी जुळेल असा ११० जणांचा गट पुन्हा संगणकीय सोडतीने काढण्यात आला, आणि प्रत्यक्षात १०८ जणांनी काम केले. शेवटचा निकष मला फार महत्त्वाचा वाटतो. हवामानबदलाची चिंता न वाटणाऱ्या माणसांनाही त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणात स्थान मिळाले नसते, तर ती सभा समविचारी लोकांचे संमेलन ठरली असती.

येथे एक गोष्ट मान्य करणे आवश्यक आहे. पत्र मिळालेल्यांपैकी फार थोडे लोक होकार देतात, त्यामुळे इच्छुकांचा गट मुळातच थोडा वेगळा असतो; वय, शिक्षण यांसारखे निकष लावून तो दोष कमी होतो, पूर्णपणे जात नाही. तसेच शंभर माणसांच्या गटातून टक्केवारीची अचूकता मिळत नाही. नमुना म्हणून पाहिले, तर शंभरांच्या गटात दहा टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून अशा सभेत ५१ विरुद्ध ४९ असा निकाल लागला, तर त्यातून ‘लोकांनी ठरवले’ असा अर्थ कोणी काढू नये. ऐंशी टक्के सदस्य एका निष्कर्षाला आले आणि त्यांनी त्याची कारणे लिहून दिली, तर त्या निष्कर्षाचे वजन निराळे असते.

सोडत ही काही आजची युक्ती नव्हे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ दरवर्षी सोडतीने निवडले जाई, दहा गणांतून प्रत्येकी पन्नास, आणि एका व्यक्तीला आयुष्यात दोनपेक्षा अधिक वेळा तेथे बसता येत नसे. निवडणूक ही अल्पजनसत्तेची आणि सोडत ही लोकशाहीची रीत होय, असे अॅरिस्टॉटलने नोंदवले आहे. तमिळ प्रदेशातील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकाच्या चोळकालीन शिलालेखांत ताडपत्रांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून समित्यांचे सदस्य निवडण्याचे तपशीलवार नियम आहेत. मात्र अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम व परकीय यांना स्थान नव्हते आणि उत्तरमेरूरच्या सोडतीत नाव येण्यासाठी जमीन व विद्येची अट होती. सोडत कितीही निष्पक्ष असली, तरी घड्यात कोणाच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात हे आधी विचारावे लागते. तुमच्या निवेदनात मतदारयादीतून सोडत काढावी असे लिहिणार असाल, तर त्या यादीत नसलेल्या स्थलांतरितांचे आणि तरुणांचे काय, याचे उत्तरही तयार ठेवा.

आता आयर्लंडविषयी. या विषयावरील चर्चा त्या देशाच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही आणि ते योग्यच आहे. २०१२ च्या अखेरीस तेथे घटनाविषयक परिषद स्थापन झाली. तीत ६६ सामान्य नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष होते. समलिंगी विवाहास घटनात्मक मान्यता द्यावी या बाजूने परिषदेच्या ७९ टक्के सदस्यांनी मत दिले आणि मे २०१५ मधील सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती स्वीकारली. पुढे २०१६ साली ९९ नागरिक व अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लाफॉय अशी नागरिक सभा बसली. तिच्यापुढे पहिलाच विषय गर्भपातावरील घटनात्मक बंदीचा होता. पाच शनिवार-रविवार सदस्यांनी डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि स्वतः त्या प्रसंगातून गेलेल्या स्त्रिया यांचे म्हणणे ऐकले. सभेच्या शिफारशी अनेक राजकारण्यांना समाजाच्या फार पुढे गेलेल्या वाटल्या. त्यानंतर संसदेच्या समितीने त्यांचा स्वतंत्रपणे विचार केला, आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला.

या घटनाक्रमात तुमच्या दुसऱ्या शंकेचे निदान अर्धे उत्तर आहे. सभेने शिफारस केली, संसदेने तपासली, लोकांनी निर्णय दिला. कोणीही दुसऱ्याची जागा घेतली नाही. विवाहाच्या सार्वमताच्याच दिवशी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचे किमान वय ३५ वरून २१ वर आणण्याचा प्रस्तावही मतदानाला होता. त्यामागेही त्याच परिषदेची शिफारस होती आणि तो ७३ टक्के मतदारांनी फेटाळला.

सजग यांचा प्रतिसाद

वाटसरूंनी यशाची बाजू चांगली मांडली आहे. माझे लक्ष सभेच्या आधी आणि नंतर काय घडते याकडे आहे, कारण माझ्या मते नागरिकांच्या कुवतीपेक्षा याच दोन ठिकाणी असे प्रयोग बिघडतात. सभेला प्रश्न कोणी आणि कोणत्या शब्दांत विचारला? सभेचे उत्तर आल्यावर ते कोणाच्या टेबलावर, किती दिवस आणि कोणत्या बंधनासह पडून राहिले?

फ्रान्समध्ये इंधनावरील करवाढीतून उसळलेल्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलनानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये १५० नागरिकांची हवामान परिषद बसवण्यात आली. १९९० च्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत किमान ४० टक्क्यांनी, आणि तेही सामाजिक न्यायाला धरून, कसे कमी करावे, असा प्रश्न तिला दिला गेला. प्रश्न प्रचंड मोठा होता. नागरिकांनी नऊ महिने कष्ट करून १४९ प्रस्ताव दिले. हे प्रस्ताव काटछाट न करता संसदेपुढे, सार्वमतासाठी किंवा थेट अंमलबजावणीसाठी पाठवले जातील, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी आधी दिले होते. प्रत्यक्षात तीन प्रस्ताव त्यांनी लगेच बाजूला ठेवले. उरलेल्यांपैकी अनेक मंत्रालयांच्या आणि हितसंबंधी गटांच्या हातांतून जाताना पातळ झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा झाला खरा, परंतु त्याआधीच्या शेवटच्या बैठकीत परिषदेच्या सदस्यांनी शासनाच्या प्रतिसादाला दहापैकी सरासरी चारपेक्षाही कमी गुण दिले होते. एवढ्या लोकांचा एवढा वेळ घेऊन त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटावे, हे काहीच न करण्यापेक्षाही वाईट आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. विश्वास वाढवण्यासाठी केलेला प्रयोगच अविश्वास वाढवून जातो.

याच्या उलट दक्षिण कोरियाचे उदाहरण आहे. शिन-गोरी येथील पाचव्या आणि सहाव्या अणुभट्टीचे काम थांबवण्याचे आश्वासन देऊन मून जे-इन २०१७ साली राष्ट्राध्यक्ष झाले. काम बरेच पुढे गेलेले असल्याने त्यांनी ते तात्पुरते थांबवून निर्णय नागरिकांच्या विचारविनिमयावर सोपवला आणि कौल मान्य करण्याचे आधीच जाहीर केले. सुरुवातीच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश लोकांचे मत ठरलेले नव्हते. ४७१ नागरिकांनी दोन्ही बाजूंचे साहित्य अभ्यासले, तज्ज्ञांना प्रश्न विचारले आणि ऑक्टोबरमध्ये तीन दिवस एकत्र चर्चा केली. अखेरीस ५९.५ टक्के लोकांनी बांधकाम पुन्हा सुरू करावे असे मत दिले. त्याच वेळी भविष्यात अणुऊर्जेचा वाटा कमी करावा असे म्हणणारेही निम्म्याहून अधिक निघाले. राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या निवडणूक आश्वासनाविरुद्ध गेलेला तो निर्णय स्वीकारला. त्या निकालाशी कोणाचे मतभेद असू शकतात, परंतु नागरिकांनी कोणाचा तरी शब्द गिरवला असे म्हणता येत नाही, कारण त्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यापेक्षा सूक्ष्म होते. येथे प्रश्न नेमका होता, मुदत ठरलेली होती आणि उत्तराचे काय होणार हे पहिल्या दिवशीच सर्वांना ठाऊक होते.

पुढचा मार्ग आधी ठरवला म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००४ मध्ये निवडणूकपद्धतीचा विचार करण्यासाठी अध्यक्षांव्यतिरिक्त १६० नागरिकांची सभा बसवली. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष, शिवाय दोन आदिवासी सदस्य, अशी तिची रचना होती. सदस्यांनी जवळजवळ वर्षभर काम करून एकल संक्रमणीय मतपद्धतीची, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम देण्याच्या पद्धतीची, शिफारस केली, आणि ठरल्याप्रमाणे २००५ मध्ये तीवर सार्वमत झाले. ५७.७ टक्के मतदारांनी पाठिंबा दिला. परंतु शासनाने ६० टक्क्यांची अट घातली होती, त्यामुळे प्रस्ताव पडला. चार वर्षांनी पुन्हा मतदान झाले तेव्हा पाठिंबा ३९ टक्क्यांपर्यंत घसरला. सभेत बसलेले १६० जण विषय शिकले होते, पण बाहेरच्या लाखो मतदारांपर्यंत ते शिक्षण पोहोचवण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. २००५ मध्ये सभेविषयी ज्यांना माहिती होती त्या मतदारांत पाठिंबा अधिक होता, असे अभ्यासकांना आढळले. तेव्हा सभेच्या खर्चाइतकाच तिच्या निष्कर्षांच्या प्रसाराचा खर्चही आधी मंजूर करून घ्यावा, असे मी सुचवीन.

जिज्ञासू यांचा पुढील प्रश्न

दोघांचेही आभार. प्रश्न कोण ठरवतो हा मुद्दा आमच्या मसुद्यात अजिबात नव्हता. आणखी दोन गोष्टींवर मार्गदर्शन हवे आहे. सभेत कमी शिकलेली, कधीही जाहीरपणे न बोललेली माणसे आणि बोलण्यात वाकबगार माणसे एकत्र बसतात, तेव्हा पहिल्या गटाचा आवाज खरोखर ऐकला जातो का? आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींना हा आपल्या अधिकारावरील आघात वाटू नये, यासाठी कोठे काय केले गेले आहे?

मध्यस्थ यांचा प्रतिसाद

मी गटचर्चा चालवण्याचे काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते. माणसांना एकत्र बसवले की विचारविनिमय आपोआप घडतो, हा समज सोडून द्यायला हवा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २००५ मध्ये संशोधकांनी एका उदारमतवादी आणि एका परंपरावादी शहरातील रहिवाशांचे वेगवेगळे गट करून त्यांना वादग्रस्त विषयांवर बोलायला लावले. चर्चेनंतर दोन्हीकडचे लोक आधीपेक्षा अधिक टोकाला गेले आणि गटांतील मतभिन्नता कमी झाली. समविचारी लोकांची मोकळी चर्चा हेच करते. नागरिक सभेत याला तीन गोष्टींनी आवर घातला जातो: गटातील विविधता, दोन्ही बाजूंनी तपासलेली माहिती आणि चर्चा चालवणारा प्रशिक्षित संचालक. यांतली एकही वगळली तर उरते ती केवळ बैठक.

संचालकाचे काम बाहेरून दिसते त्याहून बरेच कठीण असते. सात-आठ जणांच्या टेबलावर सुरुवातीलाच प्रत्येकाने आपले म्हणणे कागदावर लिहावे किंवा संचालकाला सांगून लिहून घ्यावे, आणि मगच बोलणे सुरू व्हावे, एवढ्या साध्या नियमानेही चित्र पालटते, कारण पहिल्या वक्त्याच्या वाहत्या ओघात इतरांची मते वाहून जात नाहीत. टेबलांवरील माणसे दर सत्रात बदलावीत. तज्ज्ञाने मांडणी करावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि निघून जावे. तो टेबलावर बसून राहिला की सगळे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलू लागतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी साहित्य वाचून दाखवण्याची व्यवस्था हवी आणि शेवटचे मतदान गुप्त हवे. एक गोष्ट आवर्जून सांगते: कमी बोलणारी माणसे अनेकदा युक्तिवाद करत नाहीत, अनुभव सांगतात. तो अनुभव हेही प्रमाण आहे, हे संचालकाने गटाला दाखवून दिले नाही, तर सफाईदार बोलणारेच जिंकतात. जे युक्तिवाद म्हणून नीट मांडता येते तेवढेच ऐकण्याजोगे, असा निकष लावणारी चर्चा वरवर कितीही सभ्य दिसली, तरी ती अन्यायाची असते.

मानधनाचा प्रश्न गौण समजू नका. फ्रान्सच्या हवामान परिषदेत सदस्यांना न्यायालयीन ज्यूरीच्या दराने भत्ता मिळत होता. आयर्लंडच्या २०१६ च्या सभेत प्रवास व निवासाचा खर्च दिला जात होता, मानधन नव्हते, आणि बरेच सदस्य मध्येच गळाल्याने त्यांच्या जागी नवे शोधावे लागले. त्या भरतीत सात जण सोडतीच्या नियमांनुसार न येता ओळखीपाळखीतून आल्याचे २०१८ च्या सुरुवातीला उघडकीस आले आणि त्यांना काढून टाकावे लागले. रोजंदारीवर काम करणारा माणूस, लहान मूल असलेली आई, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांना पैसे, पाळणाघर आणि सोयीच्या वेळा दिल्या नाहीत, तर सोडत कागदावर निष्पक्ष राहते आणि सभागृहात मात्र नोकरदार व निवृत्त लोकच दिसतात.

कुवतीच्या शंकेविषयीही थोडे लिहिते. अमेरिकी अभ्यासक जेम्स फिश्किन यांनी विकसित केलेल्या विमर्शात्मक मतचाचणीत लोकांचे मत चर्चेआधी आणि चर्चेनंतर अशा दोन्ही वेळा मोजले जाते, त्यामुळे काय बदलले ते दिसते. टेक्सासमध्ये १९९६ ते १९९८ या काळात वीज कंपन्यांच्या ग्राहकांच्या अशा आठ चाचण्या झाल्या. नवीकरणीय ऊर्जेसाठी महिन्याला थोडे अधिक पैसे देण्याची तयारी असलेल्यांचे प्रमाण चर्चेअंती सरासरी ५२ वरून ८४ टक्क्यांवर गेले, आणि पवनऊर्जेत ते राज्य पुढे आघाडीवर आले त्याच्या कारणांमध्ये या चाचण्यांचाही उल्लेख होतो. मंगोलियाने तर घटनादुरुस्तीपूर्वी अशी चाचणी घेण्याचा कायदाच केला. एप्रिल २०१७ मध्ये देशभरातून निवडलेले ६६९ नागरिक राजधानीत दोन दिवस बसले. संसदेला दुसरे सभागृह असावे ही सूचना सुरुवातीला बऱ्याच जणांना आकर्षक वाटत होती. अशा सभागृहाने सत्तेवर खरोखर अंकुश राहील का, याची चर्चा झाल्यावर तिचा पाठिंबा खूप घटला. प्रथमदर्शनी आवडलेली कल्पना प्रश्न विचारून सोडून देणारी माणसे विषय पेलत नाहीत, असे कसे म्हणावे?

वाटसरू यांचा प्रतिसाद

प्रतिनिधींविषयीच्या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे प्रत्यक्षात आजमावली गेली आहेत. एक म्हणजे त्यांना सभेतच बसवणे. आयर्लंडच्या पहिल्या परिषदेत एक तृतीयांश लोकप्रतिनिधी होते, आणि ब्रुसेल्स प्रदेशाच्या संसदेत ४५ नागरिक व १५ लोकप्रतिनिधी अशा संमिश्र समित्या काम करतात. स्वतः चर्चेत बसलेला प्रतिनिधी नंतर संसदेत त्या शिफारशींची बाजू घेण्याची शक्यता वाढते. धोका असा की, मुरलेला राजकारणी टेबलावरची चर्चा सहज ताब्यात घेऊ शकतो. त्यामुळे मध्यस्थ यांनी सांगितलेले नियम येथे दुप्पट काटेकोरपणे पाळावे लागतात.

दुसरे उत्तर मला अधिक टिकाऊ वाटते. बेल्जियममधील जर्मनभाषक समुदायाच्या संसदेने २०१९ मध्ये नागरिकांचा विचारविनिमय कायमस्वरूपी आपल्या रचनेत आणला. सोडतीने निवडलेल्या २४ जणांची एक नागरिक परिषद असते आणि विषय कोणता घ्यायचा हे ती ठरवते. त्या विषयासाठी २५ ते ५० जणांची स्वतंत्र नागरिक सभा सोडतीने बोलावली जाते. शिफारशी आल्यावर संसदेला त्यांवर चर्चा करावीच लागते, आणि एखादी शिफारस नाकारायची असेल तर कारणे द्यावी लागतात. पुढे अंमलबजावणी होते की नाही, यावर परिषद लक्ष ठेवते. निर्णयाचा अधिकार प्रतिनिधींकडेच राहतो, मात्र गप्प बसण्याची मुभा राहत नाही. सजग यांनी विचारलेल्या ‘प्रश्न कोण ठरवतो’ आणि ‘उत्तराचे काय होते’ या दोन्ही गोष्टी येथे कायद्याने बांधलेल्या आहेत, म्हणून सुमारे ऐंशी हजार वस्तीच्या या छोट्या समुदायाकडे जगभरातून लोक पाहायला येतात.

उत्तरदायित्वाची तुमची शंका मात्र मी पूर्णपणे निकाली काढू शकत नाही, आणि काढूही नये. सोडतीने आलेल्या सदस्याला निवडणुकीत पाडता येत नाही हे खरेच आहे. त्याला पुन्हा निवडून यायचे नसते, पक्षनिधी गोळा करायचा नसतो, याच कारणाने तो मोकळेपणाने विचार करू शकतो. पण त्याच कारणाने त्याच्या हाती अंतिम सत्ता देणे मला धोक्याचे वाटते. जेथे सभेच्या शिफारशीवरून बंधनकारक निर्णय होणार असेल, तेथे त्यानंतर सार्वमत किंवा संसदेचे मतदान असायलाच हवे, अशी माझी भूमिका आहे. या मंचावर अनेकांना ती सौम्य वाटेल.

शिफारस आणि अंतिम मसुदा यांच्यात अंतर पडले तर काय होते, हे आयर्लंडमध्येच २०२४ साली दिसले. स्त्री-पुरुष समानतेवरील नागरिक सभेने घटनेतील गृहिणीविषयक कलमाच्या जागी, घरात व समाजात इतरांची काळजी घेणाऱ्यांना साहाय्य करण्याची जबाबदारी राज्यावर टाकणारी भाषा सुचवली होती. शासनाने सार्वमतासाठी मांडलेला मजकूर त्याहून सौम्य निघाला. मार्चमधील मतदानात काळजीविषयक दुरुस्ती सुमारे ७४ टक्क्यांनी आणि कुटुंबाच्या व्याख्येविषयीची दुसरी दुरुस्ती सुमारे ६८ टक्क्यांनी फेटाळली गेली. कारणे अनेक होती, पण सभेच्या शब्दांत बदल का केला याचे स्पष्टीकरण लोकांपर्यंत पोहोचले नाही, ही टीका मला योग्य वाटते.

म्हणून तुमच्या निवेदनात ‘नागरिकांचा सहभाग वाढवावा’ एवढेच वाक्य असेल, तर ते मागे घ्या. त्याऐवजी असे मागा की, सभेचा विषय अजून निर्णय न झालेल्या आणि शासनाच्या अधिकारातील प्रश्नांतूनच निवडला जावा. सर्व बाजूंच्या प्रतिनिधींची एक देखरेख समिती माहितीचे साहित्य आणि तज्ज्ञांची यादी तपासून ती सभेपूर्वी प्रसिद्ध करो. सोडतीची पद्धत आणि नकार देणाऱ्यांची संख्या जाहीर व्हावी. आणि शिफारशी मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, प्रत्येक शिफारशीवर स्वीकार, अंशतः स्वीकार किंवा नकार असे सकारण लेखी उत्तर शासनाने सभेच्या सदस्यांसमोर उभे राहून वाचून दाखवावे. शासनाला हे शेवटचे कलम मान्य नसेल, तर मला विचाराल तर त्या वर्षी सभा भरवू नये आणि तो निधी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची विनंती करावी.